मी निळी केलेली बाजारपेठ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका फोनवर म्हणाल्या, "काका, तुम्ही जपानमध्ये नेमकं काय काम करत होतात ते आम्हांला कुणालाच ठाऊक नाही. लिहा ना त्यावर."

मी म्हटलं, "बाई, पहिली काही वर्षं मलाही ठाऊक नव्हतं."

त्यांना तो विनोद वाटला. टोकियोतल्या निशी-कसाईत स्टेशनबाहेर उभं राहून कुणाही मराठी माणसाला विचारा, तो बँकेच्या नाहीतर विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. मी नकाशात रंग भरायचो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस रंग भरतो हे सासरी सांगायची सोय नव्हती, म्हणून वैजू, म्हणजे माझी बायको, "हे भू-माहितीत आहेत" असं सांगायची. त्यातून कुणालाच काही कळत नसे आणि पुढचे प्रश्न थांबत.

धंदा तसा सोपा आहे. गावात कुठे घरं बांधायची, कुठे दुकानं काढायची, कुठे कारखाना चालेल हे सरकारने ठरवून दिलेलं असतं. त्या प्रत्येक विभागाला नकाशात एक रंग असतो. कुणाला नवं काही उभारायचं असलं की आमच्यासारख्या सल्लागार कंपनीकडून नकाशा करून घेतात, तो गावकऱ्यांना दाखवतात आणि मग भांडण सुरू होतं. माणसं जमिनीवरून भांडतात असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या अनुभवात ती आधी रंगावरून भांडतात, जमिनीचा नंबर नंतर लागतो.

मी हे काम शिकलो पुण्यात. एका फर्ममध्ये नऊ वर्षं शहरांचे विकास आराखडे संगणकावर चढवले. पिवळं म्हणजे राहायचं, निळं म्हणजे दुकानं, जांभळं म्हणजे कारखाने. नऊ वर्षांत हे इतकं मुरलं होतं की लक्ष्मी रोडवर खरेदीला गेलो तरी मला पायाखाली निळं दिसायचं. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

जपानला आलो त्सुनामीच्या त्या मोठ्या भूकंपाच्या चार वर्षं आधी. भूकंपानंतर ओजिमातल्या आमच्या सरकारी वसाहतीतली बरीचशी भारतीय कुटुंबं दोन आठवड्यांत भारतात निघून गेली. आम्ही राहिलो. मंडळाच्या एका कार्यक्रमात त्याबद्दल माझा सत्कार झाला, मी तो घेतलासुद्धा. खरं कारण आज सांगतो. वैजूचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता.

त्यानंतरचे दिवस काळोखाचे होते, अगदी शब्दशः. अणुवीज बंद, स्टेशनातले सरकते जिने बंद, दुकानांच्या पाट्या विझलेल्या. ऑफिसात एसी नाही म्हणून आमचे साहेब शिमिझु-सान आयुष्यात पहिल्यांदा टायशिवाय आले आणि दिवसभर गळ्याला हात लावून बघत होते. अशा वेळी देशात कुठे जुनं तेल शिल्लक आहे का याची चाचपणी सुरू झाली. जपानमध्ये तेल आहे हेच मला माहीत नव्हतं. डोंगर ओलांडून जपान समुद्राच्या बाजूला गेलं की काही गावांत शंभर वर्षांपासून थोडं थोडं निघतं. भातखाचरांच्या कडेला छोटे पंप मान हलवत उभे असतात, सगळ्याला होकार देणाऱ्या जावयासारखे.

अशाच एका गावात एका तेल कंपनीला चाचणीची नवी विहीर खोदायची होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला ओळखतात. अडचण एवढीच की जागा होती भर बाजारपेठेला लागून. स्टेशनपासून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना चाळीसेक दुकानं. तिकडे बर्फ डोक्याएवढं पडतं, म्हणून दुकानांपुढे पूर्वापार पडव्या काढलेल्या, त्यांच्याखालून चालत गेलं की छत्री लागत नाही. या रांगेच्या मागे बंद पडलेली एक कापडगिरणी. गिरणी होती तेव्हा तेवढा तुकडा अर्धऔद्योगिक ठरवलेला, गिरणी गेली तरी तो तसाच राहिला. नकाशात लाल बाजारपेठेला चिकटलेला जांभळा डाग. पांढऱ्या सदऱ्यावर जांभळाचा पडतो ना, तसा.

त्या डागावर तेलविहीर खोदता येते का? हा प्रश्न विचारत मी आणि शिमिझु-सान दोन महिने फिरलो. नगरपालिका म्हणाली, आमचे नियम इमारतींसाठी आहेत. खोदाईचा मनोरा ही इमारत नाही, तीन महिन्यांनी जाणारं यंत्र आहे, प्रांताला विचारा. प्रांत म्हणाला, जमिनीखालचं आमच्याकडे नाही, केंद्राला विचारा. केंद्राचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, खाली खोदायला हरकत नसेल तर खोदता येईल, पण वर काय चालतं ते नगरपालिका सांगेल. मी वहीत तीन बाण काढले आणि ते वर्तुळ झालं.

"म्हणजे परवानगी आहे की नाही?" मी साहेबांना विचारलं.

"परवानगी नाही असं कुणी म्हणालेलं नाही," ते म्हणाले.

"मग आहे?"

"परचुरे-सान, आहे असंही कुणी म्हणालेलं नाही."

मी तिसरा प्रश्न विचारला नाही. खरी परवानगी असते ती गावकऱ्यांच्या सभेत. कायद्याने त्यांची संमती लागतेच असं नाही, पण लोकांनी मान डोलावल्याशिवाय कुणी पहार मारत नाही. म्हणून कंपनी सभा घेणार, आम्ही नकाशा दाखवणार, असं ठरलं.

त्याआधी जागेची पाहणी. मी हातात जीपीएस धरून गिरणीच्या भिंतीला वळसा घालत होतो. नजर यंत्रावर. पाय थेट एका वाहत्या चरात. गुडघ्यापर्यंत गार पाणी. मागच्या दारातून रबरी बूट आणि पांढरा एप्रन घातलेली एक बाई बाहेर आली. सत्तरीची असेल. माझ्याकडे, मग यंत्राकडे, मग चराकडे बघून म्हणाली, "ते यंत्र पाणी दाखवत नाही वाटतं."

या मुराता-सान. बाजारपेठेत त्यांचं तोफूचं दुकान होतं, नवऱ्याच्या मागे एकट्याच चालवत. त्यांनी मला आत बसवलं, पाय पुसायला कापड दिलं, गरम सोयाबीनचं दूध दिलं आणि विहीर दाखवली. विहीर म्हणजे आपल्याकडची कठड्याची नाही. परसात जमिनीतून वर आलेला एक लोखंडी पाइप आणि त्यातून बारा महिने येणारी करंगळीएवढी धार.

"तोफू म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"सोयाबीन," मी म्हणालो.

"पाणी," त्या म्हणाल्या. "बहुतेक पाणीच. सोयाबीन त्याला उभं राहायला मदत करतं." मग त्यांनी पेला भरून दिला. मी प्यायलो.

"काय चव लागली?"

मी बराच विचार केला. "काही नाही."

"तीच त्याची चव आहे," त्या म्हणाल्या. "गिरणीच्या जागेत खाली खोदणार तुम्ही. या पाण्याला कसलाही वास आला, अगदी एवढासा, की मी त्याच दिवशी दुकान बंद करणार. वास येणारा तोफू मी विकणार नाही. तुमच्या नकाशात माझी विहीर आहे का?"

माझं जपानी तेव्हा असं होतं की प्रश्नाचा शेवट कळायचा, सुरुवात अंदाजाने. शिवाय पाय ओले होते. मी तीन वेळा "हो, हो, हो" म्हणालो.

टोकियोला येऊन बघितलं. नव्हती. पालिकेच्या विहिरी होत्या, खासगी एकही नव्हती. मी साहेबांना म्हटलं, घालूया का? शिमिझु-सान चष्मा पुसत म्हणाले, "गिऱ्हाईकाने दिलेल्या माहितीत जे नाही ते नकाशात नाही." हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. मला ते पटलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावच्या समाजकेंद्रात पोचलो. कंपनीच्या माणसाने ऐन वेळी सांगितलं, खोदाईच्या जागेभोवती शंभर मीटरचं वर्तुळ हवं. सोपं काम. मी लॅपटॉप उघडला आणि पाहिलं तर रंगांची फाइलच आली नव्हती. मशीन नुकतंच बदललेलं. सगळं गाव करड्या रंगात.

आता इथे शहाण्या माणसाने साहेबांना सांगितलं असतं. मी काय केलं? मनात म्हटलं, नऊ वर्षं रंग भरलेत गड्या, वीस मिनिटांचं काम. आणि भरले. हात आपोआप चालत होता. इतका सफाईदार हात माझा जपानमध्ये त्याआधी कधी चालला नव्हता, तेव्हाच शंका यायला हवी होती. घरं पिवळी, दुकानं निळी, गिरणीची जागा जांभळी.

शिमिझु-सान तपासायला आले. त्यांनी बघितली गिरणीची जागा, कारण सगळा वाद तिथला. ती जांभळी होती. जपानमध्येही अर्धऔद्योगिक जागा जांभळीच असते. "बरोबर," म्हणाले आणि पालिकेच्या छपाईयंत्रावर साठ प्रती निघाल्या.

जपानमध्ये बाजारपेठ लाल असते. फिकट निळा असतो तो कारखान्यांचा विभाग.

सभेला खुर्च्या भरल्या. चपला बाहेर, पायांत समाजकेंद्राच्या तपकिरी सपाता, किटलीतून चहा. गाव बहुतांशी खोदाईच्या बाजूने होतं. व्यापारी संघाचे अध्यक्ष ओनो-सान, टीव्ही-फ्रिजच्या दुकानाचे मालक, हे तर कंपनीच्या माणसांना दारापर्यंत घ्यायला आले होते. खोदाई आली की कामगार येणार, ते जेवणार, राहणार, बंद होत चाललेल्या रस्त्यावर पुन्हा वर्दळ होणार, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. विरोधात एकट्या मुराता-सान. दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

मी नकाशा पडद्यावर टाकला.

सभागृह गप्प झालं. जपानमध्ये सभागृह गप्पच असतं, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. मग ओनो-सान उठून उभे राहिले.

"हे कधी ठरलं?"

"काय कधी ठरलं?" कंपनीचा माणूस म्हणाला.

"आमची बाजारपेठ कारखान्यांना कधी दिली?"

कंपनीच्या माणसाने पालिकेच्या माणसाकडे बघितलं. पालिकेच्या माणसाने कागदाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा त्या कागदाच्या कोऱ्या बाजूसारखा झाला. मागून कुणी ओरडलं, "गुपचूप केलंत होय!" दुसरं कुणी म्हणालं, "एक विहीर म्हणालात आणि सगळा रस्ता घेतलात!" तिकडची बोली, त्यात राग, त्यात एकदम दहा माणसं. मला वाटलं, लोकांना नकाशा नीट दिसत नाहीये. मदत करावी म्हणून मी बाजारपेठ मोठी केली. पडदाभर निळं. मग आणखी मोठी केली.

शिमिझु-सान माझ्या कानाशी वाकले. "परचुरे-सान, हे निळं काय आहे?"

"दुकानं."

"निळी?"

"हो. दुकानं निळी असतात."

"कुठे?"

मी तोंड उघडलं, आणि त्या क्षणी मला उत्तर कळलं. "पुण्यात," मी म्हणालो.

शिमिझु-सान सरळ उभे राहिले. मी गेली पंधरा वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय, पण त्यांच्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी पांढरा पडलो होतो एवढं नक्की, कारण चहा देणाऱ्या बाईंनी मला आपणहून खुर्ची दिली.

खुलासा करायला साहेब माइककडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. चूक आहे म्हटलं की लोकांची खात्री पटते की चूक नाही. निम्मे लोक उठून गेले. उरलेले पुढे सरकले, आणि ओनो-सान तरातरा जाऊन मुराता-सानच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सभा तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता: खोदाई नको.

घरी येऊन वैजूला सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता थांबली. "इथे येऊन इतकी वर्षं झाली, कचऱ्याची कुठली पिशवी कुठल्या वाराची ते तुला अजून कळत नाही. आणि त्या लोकांनी तुला गाव रंगवायला दिलं?"

आता माफी. आपल्याकडे चूक झाली की एक पत्र जातं, फार तर फोन. शिमिझु-सान म्हणाले, पत्र पाठवलं तर ते पत्रावरही विश्वास ठेवणार नाहीत. घरोघर जायचं. काळा सूट, दुरुस्त केलेला नकाशा आणि प्रत्येक दुकानाला टोकियोच्या मिठाईचा एक खोका. गाडीत त्यांनी मला वाकायला शिकवलं. किती वाकायचं, किती वेळ, आणि डोकं वर कधी काढायचं. "समोरचा म्हणेल, डोकं वर करा. पहिल्यांदा म्हणाला की करायचं नाही."

दोन दिवस आम्ही तो रस्ता चाललो. मला वाटलं होतं हाकलून देतील. झालं भलतंच. मासळीवाल्याने बसवून घेतलं. "तुमच्या गावात खरंच दुकानं निळी दाखवतात? मग कारखाने? आणि देवळं?" लोकांना पुण्याच्या नकाशात इतका रस निर्माण झाला की तिसऱ्या दुकानापासून मी मागच्या कागदावर रंग काढून दाखवू लागलो. शिमिझु-सान बाजूला गुडघे मोडून बसलेले, पायांना मुंग्या आलेल्या, आणि मी लक्ष्मी रोड समजावतोय.

आणि प्रत्येक ठिकाणी चहा. चहा करायला माणसं उठून मागे जात, म्हणून माझं लक्ष गेलं. मासळीवाल्याच्या मागे पाइप, बारीक धार. शिंप्याच्या मागे पाइप. न्हाव्याच्या मागे पाइप. ओनो-सानच्या दुकानामागेही होता. त्या भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला जमिनीतलं पाणी रस्त्यावर फवारतात. पाण्यात लोखंड असतं म्हणून तिथले रस्ते मधोमध तांबडेलाल झालेले असतात. बाजारपेठ खरोखरीचीच लाल होती, आणि मी पहिल्या दिवसापासून त्या लालवरून चालत होतो. आपापल्या दारातलं बर्फ वितळवायला बहुतेकांनी आपापली विहीर घेतलेली, वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या काळात. कुठेच नोंद नाही. इतकी सवयीची की सभेत कुणाला आठवलीही नाही.

माफीच्या यादीच्या मागे मी पेन्सिलने टिंब काढत गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. रिकामा हात मला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सतरा टिंबं झाली.

शेवटचं दुकान मुराता-सानचं. मी शिकवल्याप्रमाणे वाकलो. त्या म्हणाल्या, "डोकं वर करा." मी केलं नाही. त्या म्हणाल्या, "करा हो, मला तोफू पलटायचाय." तेव्हा केलं.

"नकाशा चुकला होता," मी म्हणालो. "बाजारपेठ लालच आहे."

"मला ठाऊक होतं. तेव्हाच कळलं."

"कसं?"

"खालची रंगांची सूची वाचली. बारीक अक्षरात होती, पण लिहिलं होतं, निळा म्हणजे व्यापारी."

आमच्या धंद्यात ती सूची कधीच कुणी वाचत नाही. मी तसं म्हणालो.

"मीही वाचली नसती," त्या म्हणाल्या. "मी माझी विहीर शोधत होते. तुम्ही आहे म्हणाला होतात. नकाशात सापडली नाही, म्हणून वाटलं सूचीत असेल."

मी पुन्हा वाकलो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वाकूनच विचारलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

तोफू पाण्यात अलगद सरकवत त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत ओनो-सान पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसले होते. जरा वेळ बसू द्यावं म्हटलं."

परतीच्या गाडीत मी हिशोब मांडत बसलो. माझी चूक दुरुस्त झाली होती, आणि तिचा अर्थ एवढाच होता की पुढच्या सभेत ती खुर्ची पुन्हा रिकामी होणार. चूक केली तेव्हा म्हातारीच्या बाजूने अख्खा रस्ता उभा राहिला. चूक निस्तरली आणि ती एकटी पडली. मग यातलं चूक कुठलं? मी साहेबांना टिंबांचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"हे कुणी मागितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग सभेत दाखवायचं नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कागद हरवू नका."

याचा अर्थ काय लावायचा? मी तेव्हा लावला नाही. पण सतरा टिंबं संगणकावर चढवली, वेगळ्या थरात. नकाशाचे थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा. एक कळ दाबली की काच दिसते, पुन्हा दाबली की जाते. मी ती झाकून ठेवली. टिंबांना रंग दिला निळा. पाणी निळं असतं याबाबत पुणे आणि जपान यांचं एकमत आहे.

महिन्याने दुसरी सभा. त्याच सपाता, तोच चहा. बाजारपेठ पडद्यावर लाल उमटली तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. एका रंगाला टाळ्या मिळालेल्या मी आयुष्यात तेवढ्याच पाहिल्या. काचांवरचे कागद आदल्या आठवड्यातच उतरले होते. ओनो-सान पहिल्या रांगेत कंपनीच्या माणसांजवळ. मुराता-सान दुसऱ्या रांगेत. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

कंपनीचा माणूस बोलला. मनोऱ्याची उंची, आवाज, ट्रक कुठून वळणार. माना डोलल्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं त्याने विचारलं, म्हणजे विचारू नका. मुराता-सान उठल्या.

"या नकाशात माझी विहीर कुठे आहे?"

"नोंद असलेल्या सर्व विहिरींचा आम्ही विचार केला आहे," तो म्हणाला.

"माझी कुठे आहे?"

त्या कंपनीच्या माणसाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. मला माझे तीन हो आठवले. ओले पाय आठवले. माझा हात कळफलकावर होता. मी कळ दाबली.

लाल रस्त्यावर सतरा निळी टिंबं उमटली. सोळा त्या शंभर मीटरच्या वर्तुळाच्या आत.

मी खुर्ची मागे पाडत उठलो आणि आडवा होईपर्यंत वाकलो. "माफ करा! चुकून कळ दाबली गेली! ही माहिती तपासलेली नाही! माफ करा!" आणि थर झाकायला गेलो. तेवढ्यात ओनो-सान म्हणाले, "थांबा."

ते पडद्याजवळ आले. एका टिंबावर बोट ठेवलं. "हे माझं आहे," म्हणाले, जणू स्वतःलाच सांगत होते. "वडिलांनी घेतली होती." मग मागून शिंपी म्हणाला, "त्याच्या बाजूचं आमचं." मासळीवाला म्हणाला, "माझं जरा उजवीकडे हवं." सभागृहात पहिल्यांदाच खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कंपनीचा माणूस म्हणाला, "यावर आम्ही विचार करू." हे जपानमध्ये नकारासाठी वापरतात हे मला माहीत होतं, पण नकार कशाला, तेवढंच कळत नव्हतं.

ऑफिसात मला लेखी कबुली द्यावी लागली. झाल्या चुकीचं सविस्तर वर्णन, कारण आणि पुन्हा होणार नाही असं वचन, सगळं स्वतःच्या हाताने. दोन महिन्यांतली माझी दुसरी. शिमिझु-साननी मसुदा वाचला आणि लाल पेनाने एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं, "निष्काळजीपणामुळे." त्यांनी ते खोडून लिहिलं, "हात घसरल्यामुळे." म्हणाले, "तुमच्याबाबतीत कुणाला आश्चर्य वाटणार नाही." सगळ्या कंपनीने विश्वास ठेवला. निळ्या बाजारपेठेवाला पुन्हा घसरला. नावलौकिक असा कामी येतो.

तो प्रस्ताव नाकारला गेला का? नाही. मंजूर झाला का? नाही. त्या लोकांचा एक शब्दप्रयोग आहे, कागद पुन्हा कोरा करणं. तसा तो कोरा झाला. पुढे कंपनीने दोन-तीन किलोमीटरवर भातखाचरांकडे खोदलं म्हणे. तेल लागलं का, ते मला कळलं नाही.

दिवाळी अंकात इथे टाळ्या हव्या असतात, पण मी देऊ शकत नाही. तीन वर्षांनी ओनो-सानचं दुकान बंद झालं. मग शिंप्याचं, मग स्टेशनसमोरचं छोटं हॉटेल. ते कामगार आले असते, तीन महिने जेवले-राहिले असते, तर कदाचित तगलं असतं. कदाचित नसतंही. विहिरींना धक्का लागला असता का? तेही मला माहीत नाही, कुठल्याही तज्ज्ञाने लागलाच असता असं म्हटलेलं नाही. मी एका म्हातारीला दिलेले तीन हो पाळले आणि त्याची किंमत कुणी दुसऱ्याने मोजली असेल तर ती मला कुठल्याच रंगात दाखवता येत नाही.

निवृत्तीनंतर मी आणि वैजू त्या गावी गेलो. बाजारपेठेत निम्म्याहून जास्त झडपा बंद होत्या. तोफूचं दुकान उघडं होतं. मुराता-सान वयाने वाकल्या होत्या, पण रबरी बूट तेच. वैजूला बघून म्हणाल्या, "तुमचे मिस्टर अजून कळा चुकीच्या दाबतात का?"

वैजू त्यांच्याशी जपानीत माझ्यापेक्षा सरस बोलते. म्हणाली, "घरी तर रोज."

मी मध्ये पडलो. "तेव्हाचं खरंच चुकून झालं होतं."

"कुठल्या वेळचं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही वेळचं."

त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पहिल्या वेळी तुम्ही पांढरे पडला होतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी नाही."

वैजूने माझ्याकडे बघितलं. तिलाही मी कधी सांगितलेलं नव्हतं. मी शिमिझु-साननी शिकवल्यासारखा वाकलो, आणि या वेळी कुणीच मला डोकं वर करा म्हणालं नाही. मागे पाइपातल्या धारेचा आवाज येत होता. मग पेला भरल्याचा आवाज आला, आणि तो माझ्या नाकासमोर आला.

प्यायलो. कसलीच चव नव्हती.